धोरणाचे शिक्षण आणि निर्णयाची जागा

आक्षेपक : सार्वजनिक धोरण या विषयात पदव्युत्तर पदवी घेण्याची ओढ गेल्या दहा-पंधरा वर्षांत वाढली आहे, हे उघड आहे, परंतु त्या विषयाने काही सिद्ध करून दाखविले म्हणून ती वाढली, की सुशिक्षित तरुणांच्या एका अडचणीवर तो सोयीचा उतारा ठरला म्हणून वाढली, हे सहसा तपासले जात नाही. मिरा-भाईंदरमधील एखाद्या पदवीधराचे उदाहरण घ्यावे. त्याला अभियांत्रिकीत किंवा वाणिज्य शाखेत मन रमत नाही, समाजासाठी काही करावे असे वाटते, लोकसेवा आयोगाच्या परीक्षांचे एक-दोन प्रयत्न वाया गेलेले असतात आणि घरी सांगण्यासारखी एखादी प्रतिष्ठित वाट हवी असते. अशा वेळी कालिन्याला मुंबई विद्यापीठाचे मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी आहे, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेचा नागरी धोरण आणि शासनव्यवहार हा अभ्यासक्रम आहे, पवईला आयआयटीचे अशांक देसाई धोरण अध्ययन केंद्र आहे, आणि त्याच्या स्वतःच्या शहरात, उत्तनच्या केशवसृष्टीत, रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीने २०१७पासून चालविलेला नेतृत्व, राजकारण व शासन या विषयांचा नऊ महिन्यांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. शिकण्याच्या जागा इतक्या जवळ आहेत. शिकलेले वापरण्याची जागा मात्र त्याच्या शहरात कोठेच दिसत नाही. महानगरपालिकेचा आकृतिबंध, म्हणजे शासनाने मंजूर केलेली पदांची यादी आणि त्यांची संख्या, उघडून पाहिला तर त्यात अभियंता, नगररचनाकार, कर निरीक्षक, स्वच्छता निरीक्षक, लेखापाल अशी पदे सापडतात. धोरण विश्लेषक हे पद महानगरपालिकांच्या आकृतिबंधात सहसा नसते. ज्या व्यवसायाला त्याच्या कामाच्या मूळ ठिकाणी खुर्चीच नाही, त्याचे शिक्षण घेणे म्हणजे आपल्या शहराबाहेर पडण्याचे तिकीट काढणे आहे, असे म्हटले तर काय चुकले?

पुरस्कर्ता : पद नाही म्हणून काम नाही, हा निष्कर्ष घाईचा आहे. प्रथम विषयाची व्याप्ती स्पष्ट केली पाहिजे, कारण लोकप्रशासन आणि सार्वजनिक धोरण यांची येथे गल्लत होण्याचा संभव आहे. ठरलेली गोष्ट शासनयंत्रणा कशी पार पाडते, याचा अभ्यास लोकप्रशासन करते; काय ठरवावे, पर्याय कोणते होते, त्यातला एकच का निवडला गेला, त्याचा खर्च कोणावर पडला आणि लाभ कोणाच्या पदरी गेला, हे प्रश्न सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासात येतात. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लासवेल यांनी १९५१मध्ये धोरणविज्ञानांची कल्पना मांडली तेव्हा अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, संख्याशास्त्र आणि कायदा यांना एका व्यावहारिक प्रश्नाभोवती एकत्र आणणे, हाच तिचा गाभा होता. आता मिरा-भाईंदरचाच प्रश्न घ्यावा. या शहराच्या हद्दीत पाण्याचा मोठा स्रोत नाही. त्याला शहाड-टेमघर योजनेची स्टेम ही कंपनी आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ पाणी देत आले. ते अपुरे पडू लागल्यावर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना हाती घेतली. तिची क्षमता दररोज ४०३ दशलक्ष लिटर असून त्यातील २१८ दशलक्ष लिटर मिरा-भाईंदरसाठी आणि १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी ठरविण्यात आले. जलवाहिनीचा व्यास किती असावा, डोंगराखालून बोगदा कोठून न्यावा, याचे उत्तर अभियंता देईल. परंतु सूर्या नदीवरील धामणी धरण मुळात आदिवासीबहुल भागाच्या सिंचनासाठी उभे राहिले असताना त्यातील पाणी शहरांकडे वळविताना शेतकऱ्याला भरपाई कशी आणि किती काळ द्यावी, आलेले पाणी शहरात गृहसंकुले, झोपडवस्त्या आणि जुनी गावठाणे यांच्यात कसे वाटावे, पाणीपट्टी सर्वांना एकच असावी की वापराच्या टप्प्यांनुसार वाढत जावी, टँकरवर जगणाऱ्या वस्तीचा खरा पाणीखर्च कोणत्या अंदाजपत्रकात दिसतो, ही उत्तरे अभियांत्रिकीच्या पुस्तकात नाहीत. ती कोणी तरी देतेच. फक्त ज्याला ती देण्याचे शिक्षण नाही, तो ती देतो.

आक्षेपक : उदाहरण चांगले निवडले, पण ते उलट बाजूने बोलते. सूर्याच्या पाण्याचा निर्णय विश्लेषणाच्या अभावामुळे जसा झाला तसा झाला, असे कोणाला सिद्ध करता येईल का? अशा योजनांना प्रकल्प अहवाल असतात, सल्लागार असतात, लोकसंख्येचे अंदाज असतात. पालघर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी पाणी पळविले जाते म्हणून आंदोलने केली, तेव्हा त्यांच्यापाशी आकडे नव्हते असे नाही. त्यांच्यापाशी निर्णय अडविण्याइतके बळ नव्हते. पाणी जेथून जाते तो मतदारसंघ आणि पाणी जेथे येते तो मतदारसंघ यांच्या वजनात फरक आहे, आणि तो फरक खर्च-लाभ विश्लेषणाने, म्हणजे योजनेचे सर्व तोटे आणि फायदे पैशात मोजून त्यांची वजाबाकी करण्याच्या पद्धतीने, भरून निघत नाही. उलट झाकला जातो, कारण शहरी घरातील लिटरची किंमत भाताच्या खाचरातील लिटरपेक्षा बाजारभावाने नेहमीच अधिक निघणार. शिवाय महाराष्ट्राने देशाला दिलेले सर्वांत मोठे धोरण कोणत्याही धोरणशाळेत जन्मलेले नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची घडण स्वातंत्र्यलढ्यात, वकिलीत आणि विधिमंडळात झाली. मागेल त्याला काम ही त्यांची कल्पना १९६५मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात लहान प्रमाणावर करून पाहिली गेली, १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर रोजगार हमी योजना म्हणून उभी राहिली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. त्यासाठी पगारदार आणि व्यावसायिक यांच्याकडून व्यवसाय कर घेण्यात आला, म्हणजे शहरातील नोकरदाराने खेड्यातील मजुराच्या कामाची हमी भरली. केंद्राचा रोजगार हमी कायदा त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी, २००५मध्ये आला. एवढे दूरवर पाहणाऱ्या माणसाला कोणत्या अभ्यासक्रमाची उणीव भासली?

पुरस्कर्ता : पाग्यांच्या कर्तृत्वाविषयी दुमत असण्याचे कारण नाही, मात्र त्यांची गोष्ट अर्धीच सांगितली गेली. ज्या काळात ही योजना आकार घेत होती त्याच काळात, १९७१मध्ये, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याची मोजणी मांडली आणि ग्रामीण सार्वजनिक कामांवर मोठा रोजगार देण्याची शिफारस केली. पुढे १९८०मध्ये दांडेकर आणि माधव साठे यांनी रोजगार हमीवर येणाऱ्या मजुरांची पाहणी करून ते कोण आहेत, जमीनधारक किती, भूमिहीन किती, हे तपासले. स्फूर्ती सभापतींची होती. पण ती योजना खरोखर गरिबांपर्यंत पोचते का, हे सांगायला संशोधकच लागले. एखादी गोष्ट सुचणे आणि ती लागू पडली की नाही हे कळणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि धोरणाचे शिक्षण दुसरी क्षमता देण्याचा दावा करते. पहिली कोणीच शिकवू शकत नाही. याचे अधिक ठळक उदाहरण गडचिरोलीचे आहे. अभय आणि राणी बंग हे दोघे डॉक्टर १९८४मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेऊन आले, १९८६मध्ये त्यांनी सर्च ही संस्था काढली आणि गावातल्याच स्त्रीला प्रशिक्षण देऊन घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. पद्धत चांगली आहे एवढे सांगून ते थांबले नाहीत. ३९ गावांत ती राबविली, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेतील गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले. देशाने २०११मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात सेवा देण्याचा कार्यक्रम स्वीकारला, त्याच्यामागे हा पुरावा उभा होता. केवळ सेवाभाव गडचिरोलीतच राहिला असता. तुलनेच्या गावांमुळे तो दिल्लीपर्यंत गेला. तुलनेसाठी गावे वेगळी ठेवायची असतात, ही गोष्ट माणूस वर्गात शिकतो.

आक्षेपक : हा मुद्दा मान्य करावा लागेल, पण त्याबरोबर येणारी अट नजरेआड करू नये. बंग दांपत्य आधी डॉक्टर होते, मग त्यांनी पद्धतीचे शिक्षण घेतले, आणि त्यानंतर ते त्या जिल्ह्यात राहायला गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरणही नेहमी दिले जाते. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर त्यांनी प्रबंध लिहिला, लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर लिहिले आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळले. पण त्यांनी धोरण या नावाचे काही सर्वसाधारण ज्ञान घेतले नव्हते. त्यांनी चलन आणि वित्त हे विषय मुळापासून हाताळले होते, आणि ज्या समाजाच्या वतीने ते बोलत होते, त्याच्याशी त्यांचे नाते परीक्षेच्या निकालावर अवलंबून नव्हते. आजची पदवी याच्या नेमकी उलट रचना करते. ती पद्धत आधी देते आणि विषय नंतर शोधायला सांगते. दोन वर्षांत थोडे अर्थशास्त्र, थोडे संख्याशास्त्र, थोडा कायदा, थोडी नीतिमीमांसा, शेवटी एक प्रकल्प, आणि मग आरोग्य, पाणी, वाहतूक, शिक्षण यांपैकी ज्या क्षेत्रात नेमणूक मिळेल तेथे तज्ज्ञ म्हणून रुजू व्हायचे. याहून खोल दोष असा, की या अभ्यासक्रमाला एक न सांगितलेला अशील असतो, म्हणजे ज्याच्या वतीने सल्ला तयार करायचा ती व्यक्ती. विद्यार्थी दोन पानी टिपण लिहायला शिकतो : प्रश्न असा, पर्याय तीन, शिफारस दुसऱ्या पर्यायाची. हे टिपण वाचणारा माणूस नेहमी टेबलाच्या पलीकडचा, सही करणारा असतो. मिरा-भाईंदरमध्ये तो कोण होता, हे पाहावे. २०१७मध्ये निवडून आलेल्या ९५ नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२२मध्ये संपली. ७४व्या घटनादुरुस्तीनुसार मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक व्हायला हवी. पण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकल्याने राज्यभर निवडणुका लांबल्या आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ महानगरपालिकेचा कारभार प्रशासकाने, म्हणजे महासभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार एकहाती वापरणाऱ्या शासकीय अधिकाऱ्याने, चालविला. अशा काळात धोरणाच्या पदवीधराचे टिपण ज्याच्याकडे जाते त्याला कोणी प्रतिप्रश्न विचारत नाही. २०१५मध्ये सुरू झालेली, मध्ये बंद पडलेली आणि पुन्हा सुरू झालेली मुख्यमंत्री फेलोशिप पाहिली तरी तेच दिसते. २१ ते २६ वयाची हुशार मुले शासनाच्या आत जातात, ती उत्तरदायी असतात ती ज्याने नेमले त्याला. सभागृहाच्या गोंधळापेक्षा हा सल्ला सुबक असेल, तो अधिक लोकशाहीचा असेल असे मात्र नाही.

पुरस्कर्ता : या आक्षेपाचा अर्धा भाग स्वीकारण्यात संकोच नाही. सही करणाऱ्याच्या शेजारी बसण्याची हौस या क्षेत्रात आहे, आणि अनेक अभ्यासक्रमांची जाहिरातही तिच्यावरच चालते. पण अशील बदलता येतो, पद्धत तीच राहते. त्यासाठी लांब जावे लागत नाही. ज्या उत्तनमध्ये म्हाळगी प्रबोधिनीचा परिसर आहे, त्याच उत्तनच्या धावगी डोंगरावर संपूर्ण शहराचा कचरा जाऊन पडत आला. उत्तन, पाली, चौक ही कोळ्यांची आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांची जुनी गावे. कचऱ्याला लागणाऱ्या आगी, धूर आणि डोंगरावरून उतरणारे घाण पाणी यांच्या तक्रारी त्यांनी वर्षानुवर्षे केल्या आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. लवादासमोर नुसता संताप चालत नाही. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा उगमापाशीच वेगळा करण्याचे बंधन होते, साचलेल्या जुन्या कचऱ्यावर जैवखनन, म्हणजे तो उकरून, चाळून, त्यातील माती, प्लास्टिक आणि धातू निरनिराळे करण्याची प्रक्रिया, अपेक्षिली होती. यातले प्रत्यक्षात किती झाले, निविदेत किती टन लिहिले आणि काट्यावर किती भरले, हे विचारण्यासाठी कागद वाचता आले पाहिजेत. महापालिकेच्या बाजूने कागद वाचणारे सल्लागार असतात. मच्छीमार सोसायटीच्या बाजूने ते वाचणारा कोण आहे? ही जागा आकृतिबंधात नाही आणि कधी असणारही नाही, म्हणूनच ती खरी आहे. आपण ज्या पदवीला शहराबाहेर पडण्याचे तिकीट म्हटले, तिचा सर्वांत मोलाचा उपयोग एका डोंगराच्या पायथ्याशी होऊ शकतो.

येथे एक गोष्ट संवादाच्या बाहेरून नोंदविणे आवश्यक आहे. उत्तनच्या संस्थेचा उल्लेख दोन्ही बाजूंनी सहज केला, परंतु तिचे स्थान सहज नाही. १९८२मध्ये स्थापन झालेली ही प्रबोधिनी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते रामभाऊ म्हाळगी ठाण्याचे खासदार होते आणि अभ्यासू लोकप्रतिनिधी अशी त्यांची ख्याती होती. संस्थेचे नाते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचारपरंपरेशी आहे आणि ते लपविलेले नाही. विद्यापीठांतील अभ्यासक्रम स्वतःला तटस्थ म्हणवितात, तर येथे वैचारिक भूमी उघड आहे. यांपैकी कोणती रीत विद्यार्थ्याला अधिक सावध करते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. कारण घोषित भूमिकेपासून अंतर ठेवता येते, अघोषित भूमिका मात्र पद्धत म्हणूनच अंगवळणी पडते. त्याच वेळी, लोकप्रतिनिधींना शिकविले पाहिजे हे ओळखून त्यांच्यासाठी वर्ग चालविणारी, चार दशके जुनी संस्था या शहरात आहे आणि इतर विचारप्रवाहांनी आपल्या नगरसेवकांसाठी असे सातत्य दाखविलेले नाही, हेही तिच्या टीकाकारांनी विचारात घ्यावे.

आक्षेपक : डोंगराच्या पायथ्याशी उभा राहणारा हा पदवीधर कागद वाचेल असे गृहीत धरले आहे, पण कोणत्या भाषेतील कागद? धोरणाचे बहुतेक वर्ग इंग्रजीत चालतात, वाचन इंग्रजी, टिपणे इंग्रजी, उदाहरणे बोस्टनची किंवा फार तर बंगळूरची. महापालिकेची टिपणी, ठराव, प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रकातील लेखाशीर्षे मराठीत असतात, आणि २०२२मध्ये राज्याने स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठी बंधनकारक करणारा कायदाही केला आहे. विद्यार्थ्याला प्रतिगमन विश्लेषण, म्हणजे अनेक कारणांपैकी एकेकाचा परिणाम आकड्यांतून वेगळा काढण्याची रीत, येते. पण गोषवाऱ्यातील कोणत्या ओळीत पाणीपुरवठ्याची तूट लपली आहे, हे त्याला शोधता येत नाही. ते ज्याला येते, त्याच्यापाशी वेगळेच प्रमाणपत्र असते. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था मुंबईत १९२६पासून आहे. तिची स्थानिक शासनाची पदविका आणि स्वच्छता निरीक्षकाची पदविका घेऊन महाराष्ट्रभरच्या नगरपालिकांत माणसे कामाला लागली. घंटागाडी कोणत्या गल्लीत वळत नाही, कोणत्या हजेरी शेडवर किती सफाई कामगार खरोखर येतात, ठेकेदाराचे देयक कोठे फुगते, हे त्यांना ठाऊक असते. त्यांच्या पदविकेची चर्चा वृत्तपत्रांच्या शिक्षण पुरवण्यांत होत नाही. धोरण वरच्या पदवीत आणि अंमल खालच्या पदविकेत, अशी ही वाटणी झाली आहे, आणि ती कोणत्या घरांतील मुले कोठे जातात याच्याशी, म्हणजे जातीशी आणि वर्गाशी, इतकी जुळते की ती योगायोगाने झाली असे म्हणवत नाही. कचऱ्याच्या धोरणावर प्रबंध लिहिणारा आणि कचरा उचलणारा यांच्यामध्ये स्वच्छता निरीक्षक उभा असतो. त्याला मात्र दोन्हीकडून विचारले जात नाही.

पुरस्कर्ता : आतापर्यंतच्या आक्षेपांत हा सर्वांत वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर पदवीचा बचाव करून देता येणार नाही, ती बदलूनच द्यावे लागेल. तशा वाटा आधीच चाचपल्या गेल्या आहेत. आयआयटी मुंबईत १९८५पासून चालत आलेल्या ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान पर्यायांच्या केंद्राने, ज्याला सितारा म्हणतात, विद्यार्थ्यांना पाणीयोजना का कोरड्या पडतात हे तालुक्यात जाऊन तपासायला लावले. त्यातूनच जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपल्याच जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासावेत अशी उन्नत महाराष्ट्र अभियानाची कल्पना पुढे आली. धोरणाच्या पदवीतही पहिल्या सत्रात एका महापालिकेचे अंदाजपत्रक मराठीतून वाचणे सक्तीचे का असू नये? स्वच्छता निरीक्षकाला सेवेत असताना ही पदवी घेण्याची सोय आणि रजा का असू नये? मात्र एका गोष्टीचा आग्रह सोडता येणार नाही. निरीक्षकाला गल्ली ठाऊक असते. तीच गल्ली दहा वर्षे का बदलत नाही, हे केवळ गल्ली ठाऊक असून कळत नाही. ठेक्याच्या अटीत वाहून नेलेल्या टनांवर पैसे मिळत असतील, तर कचरा वेगळा करण्यात ठेकेदाराचे नुकसानच आहे आणि मिसळलेला, ओला, जड कचरा त्याला अधिक फायद्याचा आहे. हे प्रोत्साहनाचे गणित एकदा दिसले की नागरिकांना शिस्त नाही हे नेहमीचे स्पष्टीकरण फिके पडते. अनुभवाला असे डोळे पदवी देऊ शकते. म्हणून पदवीची इच्छा असलेल्या तरुणाला सल्ला द्यायचाच झाला तर तो असा असेल, की आधी दोन-तीन वर्षे एखाद्या विषयात, पाणी असो, शाळा असो की बसवाहतूक, काम करावे, आणि प्रश्न घेऊन वर्गात यावे.

आक्षेपक : इतक्या अटी घातल्यावर जे उरते त्याला पदवीचे यश म्हणावे की अटींचे, हे आपणच ठरवावे. परंतु वाद पुढे नेण्यासाठी त्या सर्व पूर्ण झाल्या असे मानू. तरीही एक अडचण राहते, आणि ती या शहरात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच कोठे दिसेल. धोरणाचे शिक्षण असे धरून चालते, की कोठे तरी निर्णय होतो. मिरा-भाईंदर कोणाच्या निर्णयाने झाले? खाडी, मिठागरे आणि भातशेती यांच्यामधील ग्रामपंचायती एकत्र करून १२ जून १९८५ रोजी येथे नगरपालिका झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. लोकसंख्या १९९१मध्ये सुमारे पावणेदोन लाख होती, २००१मध्ये ती पाच लाखांच्या पुढे आणि २०११मध्ये आठ लाखांच्या पुढे गेली. मुंबईत घर परवडेनासे झालेले लोक आले, त्यांच्यामागून किंवा त्यांच्याआधी बिल्डर आले, रेल्वेचे डबे भरले, आणि शासनाच्या यंत्रणा एकामागून एक या वस्तुस्थितीच्या पाठीमागे धावत राहिल्या. आजही पाणी एका यंत्रणेकडे, मेट्रो दुसरीकडे, लोकल रेल्वे तिसरीकडे, मिठागरांच्या काही जमिनी केंद्राकडे, किनारपट्टीची बंधने पर्यावरण खात्याकडे, महसुली जमीन जिल्हाधिकाऱ्याकडे, आणि २०२०पासून पोलीस वसई-विरारसह एका आयुक्तालयाकडे. नागरिक ज्याला शहर म्हणतो त्याचा एकही मालक नाही. येथे उत्तम विश्लेषण केले तरी ते कोणत्या दारात नेऊन ठेवायचे?

पुरस्कर्ता : निर्णय न होणे हाही सत्तेचाच एक व्यवहार आहे, हे राज्यशास्त्राला १९६०च्या दशकापासून माहीत आहे, पीटर बॅकरॅक आणि मॉर्टन बॅरॅट्झ यांनी दाखविले, की काही प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर येऊच नयेत याची व्यवस्था ज्याच्या हातात असते तो निर्णय घेणाऱ्याइतकाच प्रबळ असतो. चांगल्या अभ्यासक्रमात हे शिकविले जाते. मिरा-भाईंदरचा विखुरलेला अधिकार हा म्हणूनच या विषयाचा अपवाद ठरत नाही, उलट त्याचा खरा पाठ ठरतो : कोणती यंत्रणा कशाला नकार देऊ शकते, कोणती नुसता विलंब करू शकते, त्या विलंबातून कोणाची जमीन महाग होते, याचा नकाशा काढणे हेच येथील धोरण विश्लेषण. शिवाय दार नाही असेही नाही. राज्याच्या कायद्यात प्रभागापेक्षाही लहान पातळीवर मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद २००९मध्ये करण्यात आली. ती व्यवहारात आलीच नाही म्हटले तरी चालेल. ज्या सभेला कोणी बोलावत नाही, ती बोलावण्यासाठी लोकांना तयार करणे हे काम अभ्यासक्रमात बसत नसेल, तर अभ्यासक्रमाचा दोष मानावा.

आक्षेपक : मग तो नकाशा काढणाऱ्याला शेवटी आपण कोठे उभे आहोत हे सांगावे लागेल, आणि तेथेच हा वाद येऊन थांबतो. समजा, भाईंदरमधील एका विद्यार्थिनीने सूर्याच्या पाण्यावर पदव्युत्तर प्रकल्प घेतला. तिच्या स्वतःच्या इमारतीत पाण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागविते. तिने उत्तम आकडे गोळा केले, पालघर जिल्ह्यातील विक्रमगडला जाऊन आली, शेतकऱ्यांशी बोलली, प्राधिकरणाचे अहवाल वाचले. त्याच आकड्यांवरून दोन प्रामाणिक अहवाल लिहिता येतात : एक ज्यात शहराचा वाटा योग्य ठरतो आणि दुसरा ज्यात तो अन्याय ठरतो. कोणाची तहान आधी मोजायची, हे आकडे सांगत नाहीत, आणि आपली पदवीही सांगत नाही.

पुरस्कर्ता : पदवीने ते सांगावे अशी अपेक्षाच धरू नये. तिने फक्त एवढे करावे, की त्या विद्यार्थिनीला दोन्ही अहवाल लिहिता यावेत आणि दुसरा लिहिला जाऊ शकतो हे तिने पहिल्यात लपवू नये. त्यासाठी परीक्षेची रीत बदलता येईल. तोंडी परीक्षेला विद्यापीठाच्या प्राध्यापकांबरोबर महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाचा एक अभियंता आणि धरणाखालच्या गावातील एक शेतकरी बसवावा, आणि परीक्षा मराठीत घ्यावी.

आक्षेपक : आणि त्या दोघांनी वेगवेगळे गुण दिले तर गुणपत्रिकेवर कोणते लिहायचे?

पुरस्कर्ता : दोन्ही लिहावेत.

आक्षेपक : गुणपत्रिकेत तसा रकाना नाही. सरासरी काढण्याचा नियम आहे, आणि पाणीवाटपातही बहुधा तोच वापरला जातो.